डोन्या कासिल्दा मेली तिथून अर्धा चौक वर

डोन्या कासिमिराची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी मानाग्वात दोन ठिकाणी झाडं उन्मळून पडली, तळ्यातले मासे घाबरून काठावर आले आणि माझ्या सासूने आयुष्यात पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. झाडांचं आणि माशांचं मी थोडं वाढवून सांगतोय. सासूचं शब्दशः खरं आहे.

सान हासिन्तो वस्तीतलं कोपऱ्यावरचं दुकान भाड्याने घेऊन मी औषधं विकायला नुकती सुरुवात करत होतो. शिडीवर चढून पाटी ठोकत होतो. सासूबाईंनी शिडी धरली होती, म्हणजे जीव आधीच टांगणीला होता. एवढ्यात माझ्यावर सावली पडली. मला वाटलं ढग आला. मान वळवून पाहतो तर ढगाला सोन्याचा दात होता. डोक्यावर केळीच्या पानांचा भारा, कमरेला एप्रन, काखेत एक जिवंत कोंबडी, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबली आणि शेपटी आवळून नीट बसली.

"ए शिडीवरच्या! काय विकणार?"

"औषधं, बाई."

"पाटीवर पत्ता काय घातलायस?"

मी अभिमानाने वाचून दाखवला. "बर्फाच्या कारखान्यापासून तीन चौक तळ्याकडे."

"पूस."

"का हो? कारखाना जळाला खरा, पण लोकांना..."

"पूस आणि लिही, डोन्या कासिमिराच्या घरापासून अर्धा चौक खाली."

"ही डोन्या कासिमिरा कोण?"

अख्खी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. कोंबडीनेसुद्धा माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तेव्हा खालून सासूबाई म्हणाल्या, "नवा आहे हो तो. सोडून द्या या वेळी." आणि त्यांनी स्वतः मला रंगाचा डबा वर दिला.

आमच्या शहरात रस्त्यांना नावं नाहीत. असतील तर ती नगरपालिकेला माहीत, आणि नगरपालिका कुठे आहे हे विचारलं तर तेही कुठल्या तरी चित्रपटगृहापासूनच सांगावं लागतं. पत्ता सुरू होतो तो सगळ्यांना ठाऊक असलेल्या एखाद्या गोष्टीपासून: झाड, पुतळा, पेट्रोल पंप. तिथून तळ्याकडे, दक्षिणेला, सूर्य उगवतो तिकडे वर किंवा मावळतो तिकडे खाली. ती गोष्ट जागेवर असलीच पाहिजे असं मुळीच नाही. भूकंपात पडलेल्या चिंचेच्या झाडापासून आजही लोक डॉक्टरकडे जातात आणि वेळेवर पोचतात. पण जिवंत माणसापासून पत्ता सुरू व्हायचा म्हणजे त्या माणसाने काहीतरी मिळवलेलं असावं लागतं. डोन्या म्हणजे बाईसाहेब; या बाईसाहेबांनी ते नकातामालच्या जोरावर मिळवलं होतं.

शनिवारी दुपारपासून तिच्या दारात लाल दिवा लागे. लाल दिवा लागला की नकातामाल तयार. मक्याचं पीठ, त्यात डुकराचं मांस, तांदूळ, बटाटा, टोमॅटोची चकती आणि सगळ्यात वर पुदिन्याचं एकच पान. हे सगळं केळीच्या पानात उशीसारखं बांधून मोठ्या हंड्यात शिजवलेलं. रविवारी सकाळी आमच्या वस्तीत ज्याच्या घरी हे नसे तो देवळातही मागे उभा राही. त्यामुळे सुईण, पाद्री, वाणी, विजेची बिलं वाटणारा, सगळ्यांचं जग डोन्या कासिमिराच्या दारापासून मोजलं जाई. "डोन्या कासिमिरापासून दोन चौक तळ्याकडे", "डोन्या कासिमिरापासून एक चौक वर, हिरवा दरवाजा". नवरा गेला, मुलगी लग्न होऊन चिनान्देगाला गेली, पण हा मान तिच्याकडे राहिला. तो तिला दातापेक्षा प्रिय होता, आणि दात खरा सोन्याचा होता.

आता बायार्दो. हा तिच्या बहिणीचा मुलगा. शाळेत असल्यापासून मावशीकडे वाढला, मावशीकडे जेवला, मावशीच्या पोपटाला शिव्या शिकवल्या आणि मिशी फुटल्यावर कोस्ता रिकाला जाऊन शिक्षक झाला. तिथे त्याने कादंबरी लिहिली. नाव 'वाफ'. रेडिओवर त्याची मुलाखत झाली तेव्हा मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, "ही आत्मचरित्रात्मक आहे का?" बायार्दो म्हणाला, "निम्मी."

एवढ्या एका शब्दाने त्याने आमच्या वस्तीची झोप उडवली. निम्मी म्हणजे कुठली? ज्याला कादंबरीत चांगलं दाखवलं होतं तो म्हणे माझी निम्मी खरी. ज्याला वाईट दाखवलं होतं तो म्हणे उरलेली निम्मी माझी.

पुस्तक वस्तीत आलं एकच, आणि माझी बायको आउरा ते दुपारी दुकानात मोठ्याने वाचत असे. उन्हाच्या वेळी गिऱ्हाईक नसतं, पण त्या आठवड्यात पंख्याखाली उभं राहायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर डोन्या कासिमिरा, हातात पुठ्ठ्याचा पंखा.

पहिल्या प्रकरणात डोन्या कासिल्दा आली. उंच, सोन्याचा दात, नकातामाल विकणारी, पोपट पाद्र्याला शिव्या देणारा.

"नाव बदललंय म्हणे!" डोन्या कासिमिरा खूश होऊन म्हणाली. "चोराने घरच्यांपासून लपायला खोटी मिशी लावावी तसं बदललंय. वाच गं पुढे."

तिसऱ्या प्रकरणात आउराने वाचलं, "कासिल्दा प्रत्येक नकातामालमध्ये तीन मनुका घालत असे."

पंखा थांबला. "परत वाच."

आउराने परत वाचलं.

"मनुका?" डोन्या कासिमिरा उभी राहिली. "माझ्या नकातामालमध्ये मनुका? मी काय मनुका घालणाऱ्या ग्रानादा गावची आहे? ज्या कार्ट्याला मी स्वतःच्या हाताने भरवलं, त्याला मी कधी मनुका भरवली? आणि पुदिना कुठाय? बघ गं, पुदिना कुठे लिहिलाय का?"

पुदिना नव्हता. जमलेल्या बायकांनी जिभा चावल्या. आमच्याकडे माणसाला दारुडा म्हटलेलं चालतं, पण मनुकावाला म्हटलं तर भांडण कोर्टात जातं.

सहाव्या प्रकरणात ट्रॉम्बोन, म्हणजे ते लांबलचक पितळी भोंग्यासारखं वाद्य, वाजवणारा एकजण आला. तो कासिल्दाच्या प्रेमात पडून आंब्याच्या झाडावर चढतो, तिच्या खिडकीत वाकून हळू आवाजात ट्रॉम्बोन वाजवतो. हळू आवाजात ट्रॉम्बोन कसा वाजतो ते बायार्दोला माहीत. ती खिडकी उघडते आणि त्याला पुदिन्याची जुडी देते.

"हा बघा पुदिना!" मी म्हटलं.

डोन्या कासिमिराने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ती पदर नीट करावा तसा एप्रन नीट करत म्हणाली, "परत वाच."

आउराने परत वाचलं.

"जरा सावकाश वाच. मागच्यांना ऐकू येत नाही."

ट्रॉम्बोनवाला वस्तीत कुणीच नव्हता. पण बैलांच्या खेळात वाजवणाऱ्या बँडात तेओफिलो नावाचे एक विधुर म्हातारे मोठा ढोल बडवत, आणि ते दर रविवारी डोन्या कासिमिराकडून दोन नकातामाल घेत: एक स्वतःसाठी आणि एक, त्यांच्या शब्दांत, पुन्हा स्वतःसाठी. सगळ्या वस्तीने ताबडतोब त्यांना ओळखलं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले ते थेट भांडायला.

"ट्रॉम्बोन? मी? चाळीस वर्षं ढोल वाजवतोय! तो पोरगा ढोलाच्या आवाजाने उठून शाळेत जायचा, आणि लिहितो काय, ट्रॉम्बोन!"

"आणि आंब्याच्या झाडाचं काय, तेओफिलोबुवा?"

"त्याचं काय?"

"चढला होतात का?"

म्हाताऱ्याने आंबट-गोड तोंड केलं. "मी फक्त वाद्याबद्दल बोलतोय." त्या रविवारपासून ते इस्त्रीचा शर्ट घालून नकातामाल घ्यायला जाऊ लागले.

नववं प्रकरण मात्र वाईट निघालं. डोन्या कासिल्दा केळीची पानं घेऊन येत असते. वळणावर बर्फाची हातगाडी सुटते. उतारावरून येते आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर तिला उडवते. ती रस्त्यात पडते, भोवती बर्फ वितळतो, पानं वाऱ्यावर उडतात, "हंड्याखालचा जाळ कमी करा" एवढं म्हणते आणि मरते. आउराला रडू फुटलं. मग बायकांना फुटलं. शिंपीणबाईंनी तर उठून डोन्या कासिमिराचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "फार वाईट झालं हो, फार वाईट झालं."

"मी मेले?" डोन्या कासिमिरा पंखा हलवत म्हणाली.

"तुम्ही नाही, कासिल्दा," आउरा नाक पुसत म्हणाली.

"मग तुम्ही माझे हात कशाला धरताय?"

मला स्वतःला वेगळंच लागलं होतं. कासिल्दा तडफडत असताना कादंबरीत एक वाक्य होतं: "औषधवाल्याने दार लावून घेतलं." सबंध पुस्तकात माझ्या वाट्याला तेवढं एक वाक्य, आणि त्यातही माझं दार बंद! मी दुकानाला दार लावतो ते फक्त झोपायला जाताना. शिवाय मरायला टेकलेलं माणूस म्हणजे गिऱ्हाईक असतं. मी आउराला म्हटलं, "यात माझी निम्मी कुठली?" ती म्हणाली, "दाराची."

तर अशी सगळ्यांचीच पंचाईत होती. एखाद्याला शिवी देऊन त्याच श्वासात मिठी मारावी असं ते पुस्तक होतं. डोन्या कासिमिरा सकाळी भाच्याला मनुकांवरून शाप देई आणि दुपारी आउराला म्हणे, "ते आंब्याच्या झाडाचं वाच." दर शनिवारी ती सांगे, की तो मेला समोर आला तर मी त्याला हंड्यात घालीन. आणि लगेच शेजारणीला सांगे, "पण लिहितो छान, नाही? माझ्याच घरात शिकला."

मरणाचंही तिने हसून सोडून दिलं असतं. पण शहरातून माणसं यायला लागली.

आधी एक विद्यार्थिनी आली. तिने दुकानासमोर रस्त्यात फुलं ठेवली आणि डोळे पुसले. मग एक जोडपं आलं. मग अख्खी शाळा आली, बाईंसकट. मी काउंटरवरून ओरडून सांगत होतो, "अहो, ती जिवंत आहे, अर्ध्या चौकावर राहते, शनिवारी या, नकातामाल मिळतील!" ते माझ्याकडे रागाने पाहत. एकजण म्हणाला, "तुम्हीच का ते दार लावणारे?"

आणि मग टॅक्सीवाल्यांनी घात केला. लोक टॅक्सीत बसून म्हणत, डोन्या कासिल्दा मेली तिथे न्या. टॅक्सीवाल्याला काय, त्याला एक नवीन खूण मिळाली. महिन्याभरात वाणी, बिअरवाले, गॅसवाले सगळे बोलू लागले: "डोन्या कासिल्दा मेली तिथून दोन चौक तळ्याकडे". "डोन्या कासिल्दा मेली तिथून एक चौक वर, हिरवा दरवाजा". पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर मिरवणुकीचा मार्ग सांगताना तेच म्हटलं आणि पुढच्या बाकावर बसलेल्या डोन्या कासिमिराकडे बघून खोकले.

मग तिचं विजेचं बिल आलं. ते घेऊन ती माझ्या दुकानात शिरली तेव्हा मला ती पहिली सावली आठवली.

"वाच!"

मी वाचलं. ग्राहक, कासिमिरा पोतोस्मे. पत्ता, डोन्या कासिल्दा मेली तिथून अर्धा चौक वर.

"म्हणजे मी माझ्या मरणापासून अर्ध्या चौकावर राहते," ती मला म्हणाली. "अरे रोके, मी मनुका सहन केल्या. पण या वस्तीचा मी पत्ता होते. उद्या माझ्या दारापासून कुणी काही मोजणार नाही. फोन लाव त्याला."

मी कोस्ता रिकाला फोन लावला. पुढचं संभाषण मला एका बाजूनेच ऐकू आलं, पण दुसरी बाजू बहुधा काही बोलतच नव्हती.

"बायार्दो? मी बोलतेय. मेलेली. हो, आवाज स्पष्ट येतोय, बर्फात पडलेय ना, थंड हवेतून चांगला येतो. ऐक. मला जिवंत कर. कसं म्हणजे? लिहून. मारलंस ना लिहून? तसंच. आणि इथे येऊन तोंड दाखव."

तो आला. पुस्तकाचा समारंभ देवळाच्या सभागृहात ठेवला होता. वस्ती झाडून हजर. तेओफिलोबुवा कोट घालून पहिल्या रांगेत. बायार्दो आता चष्मा लावायचा, पण मावशीला पाहताच तो काढून खिशात घातला. काच फुटू नये म्हणून असेल. त्याने भाषण केलं की लेखक आठवणींना शिजवतो, त्यांत मीठ घालतो...

"मनुका घालतो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कुणाला काही प्रश्न आहेत का?" पाद्रीबाबांनी घाईघाईने विचारलं.

डोन्या कासिमिरा उभी राहिली.

"मला आहे. ती बाई कोण?"

"मावशी, ती कुणीच नाही," बायार्दो म्हणाला. "कादंबरीतलं पात्र आहे. कल्पनेतलं."

"मग सोन्याचा दात कुणाचा?"

"तो... तुमचा."

"पोपट?"

"तुमचाच."

"आणि हंडा, केळीची पानं, तो आवाज, सगळं माझं. फक्त मरण तेवढं तुझं. मग ते तू स्वतःला का नाही लावून घेतलंस?"

टाळ्या पडल्या. बायार्दो लाल झाला. मग एकदम लहान मुलासारखा बोलायला लागला. म्हणाला, तिथे परक्या गावात रात्री त्याला भीती वाटायची की मावशीला काही झालं आणि आपल्याला उशिरा कळलं तर? मग एका रात्री ते लिहूनच टाकलं, म्हणजे खरं होणार नाही. लिहिताना तो खूप रडला.

सगळे हळहळले. शिंपीणबाईंनी रुमाल काढला. डोन्या कासिमिरासुद्धा क्षणभर गडबडली.

"माझ्यासाठी रडलास?"

"हो मावशी."

"मग फोन करायचास, गाढवा! मी उचलला असता ना!" असं म्हणून ती व्यासपीठावर चढली आणि तिने त्याला अशी मिठी मारली की चष्मा खिशातल्या खिशात फुटला. मग मिठी न सोडताच विचारलं, "आता सांग, जिवंत कधी करतोस?"

अखेर सौदा ठरला. दुसऱ्या आवृत्तीत कासिल्दा वाचणार, हातगाडी दुकानाच्या दारावर आदळणार ("आणि दार उघडं असेल," मी म्हटलं), मनुका जाणार, पुदिना येणार, ट्रॉम्बोनच्या जागी ढोल येणार. आंब्याचं झाड तसंच राहणार. यावर कुणी चर्चाच केली नाही. अडचण एकच होती. प्रकाशक म्हणत होता, पहिली आवृत्ती संपल्याशिवाय दुसरी काढणार नाही. आणि पहिलीची खोकीच्या खोकी त्याच्या गोदामात पडली होती.

"आण इकडे," डोन्या कासिमिरा म्हणाली. "मी पीठ विकलंय, कागद विकणार नाही?"

खोकी ट्रकने आली. पुढच्या शनिवारी तिच्या दारात लाल दिवा लागलाच नाही. लोक हवालदिल झाले. मग पाहतात तर लाल दिवा माझ्या दुकानासमोर, बरोबर ती जिथे मेली तिथे. खाली टेबल, हंडा, आणि शेजारी पुस्तकांचा ढीग. आता तिच्या नकातामालवर पुस्तक घेणं सक्तीचं होतं. नुसतं पुस्तक मिळे, नुसता नकातामाल मिळत नसे. तेओफिलोबुवांकडे दोन महिन्यांत पुस्तकांचा एवढा साठा झाला की त्यांनी पलंगाच्या मोडक्या पायाखाली त्यातली बरीच घातली. पण त्यांतलीच एक प्रत ते वाचायला म्हणून काढून घेत आणि पलंग कलत असे.

मी तिला म्हटलं, "डोन्या कासिमिरा, जितकी पुस्तकं विकाल तितके लोक तुम्हाला मेलेलं वाचतील."

"मी काय खुळी आहे?" ती म्हणाली आणि तिने मला एक प्रत उघडून दाखवली. नववं प्रकरण फाडलेलं होतं. प्रत्येक प्रतीतून. आठव्यात कासिल्दा केळीची पानं आणायला बाजारात जाते आणि दहाव्यात सगळे काळे कपडे घालून रडताहेत. मधे काही नाही. ती फाडलेली पानं चूल पेटवायला कामाला येत.

मला वाटतं, हीच तिची चूक झाली, आणि अशी चूक आमच्याच गल्लीत होऊ शकते. कारण आमच्या माणसाला गोष्ट अर्धवट मिळाली तर त्याला जेवण जात नाही. पुढच्याच आठवड्यात लोक पुस्तक घेऊन परत आले. "बाई, मधे काय झालं? ही माणसं रडताहेत कशाला?"

"काही झालं नाही. खा गुमान."

"अहो, कुणीतरी मेलंय ना?"

"नाही मेलं."

"मग पाद्री कशाला आलाय दहाव्यात?"

तिने पुष्कळ दिवस दम धरला. पण एका शनिवारी लेओनहून आलेली एक म्हातारी टेबलाशी ठाण मांडून बसली आणि म्हणाली, "मी एवढ्या लांबून आले, मला सांगाच." तेव्हा डोन्या कासिमिराने सुस्कारा टाकला, हात पुसले आणि म्हणाली, "बरं. बर्फाची हातगाडी होती..."

मी काउंटरवरून ऐकत होतो. पहिल्यांदा तिने चार वाक्यांत संपवलं. म्हातारी रडली आणि तिने चार नकातामाल जास्त घेतले. पुढच्या शनिवारी हातगाडीला एक चाक कमी होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी हातगाडी ढकलणाऱ्याचं तिला बघून भान हरपलं होतं, कारण तोही तिच्यावर मनातून मरत होता. मग पाऊस आला. मग ढोल आला: तेओफिलोबुवा शेजारी स्टुलावर बसून योग्य ठिकाणी हळूच धुम् धुम् करू लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान मी पाहिलं ते त्यांच्या चाळीस वर्षांच्या बैलांच्या खेळात कुणी पाहिलं नसेल. लोक खुर्च्या घेऊन येऊ लागले. मीही दुकानातलं बाक बाहेर काढून दिलं, आणि दार सताड उघडं ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

"आणि मग," डोन्या कासिमिरा म्हणे, "तिने डोळे मिटता मिटता या दुकानाकडे पाहिलं. आणि या औषधवाल्याने..."

"उघडं ठेवलं!" मी आतून ओरडे.

"...लावून घेतलं," ती म्हणे. लोक माझ्याकडे वळून बघत. ती हे वाक्य कधीच गाळत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्याशिवाय रडू येत नाही रे. तुझ्यावर चिडले की मग रडतात."

मग ती "हंड्याखालचा जाळ कमी करा" म्हणे, मान टाके, आणि गर्दीत हुंदके फुटत. ती एक डोळा किलकिला करून गर्दी मोजे आणि उठून नकातामाल वाढायला लागे. दर शनिवारी ती आदल्या शनिवारपेक्षा चांगली मरत होती. शेवटी शेवटी तर ती नुसतं टेबलामागून सांगत नसे. केळीची पानं डोक्यावर घेऊन वरून चालत येई, म्हणजे प्रेक्षकांना हातगाडीचा अंदाज येई. बायार्दोने सुट्टीत येऊन एकदा हे पाहिलं. तो कडेला उभा राहून ढसाढसा रडला आणि मला म्हणाला, "मी असं लिहिलं नव्हतं हो. याच्या निम्मंही नाही."

एका संध्याकाळी एका टॅक्सीवाल्याने टेबलाशी गाडी थांबवली. त्याला सुताराचं घर हवं होतं. वस्तीत नवा असावा. त्याने तिलाच विचारलं. मी कान टवकारले. ती म्हणाली, "डोन्या कासिल्दा मेली तिथून दोन चौक तळ्याकडे, मग एक खाली."

"ती कुठे मेली?"

"इथे," डोन्या कासिमिरा टेबलावर थाप मारून म्हणाली. "मी मेले ती इथे. आता इथून मोज."

टॅक्सीवाला छातीवर क्रूस काढत निघून गेला. तिने माझ्याकडे पाहून सोन्याचा दात दाखवला. "बघितलंस? शेवटी माझ्यापासूनच ना?"

पहिली आवृत्ती संपली तेव्हा प्रकाशकाचा धंदा बुडाला होता. दुसरी आवृत्ती निघाली नाही. पुढे डोन्या कासिमिराचे गुडघे गेले आणि मुलगी तिला चिनान्देगाला घेऊन गेली. दोन वर्षांनी ती तिथेच वारली, साखरेच्या आजाराने, जेवणानंतर झोपेत. त्या भागात सगळे पत्ते तेलाच्या गिरणीपासून सांगतात.